पोकळ भिंत

त्याला सगळे ओळंबाच म्हणत. गवंडी माणूस, चाळीस वर्षं विटेवर वीट ठेवण्यात गेलेली, आणि खिशात सदानकदा दोरीला बांधलेलं ते वजन. कुणाकडे पाणी प्यायला बसला तरी आधी दाराच्या चौकटीला ओळंबा लावून बघणार, मग पेल्याला हात लावणार. चौकट सरळ निघाली तर त्याला जरा वाईटच वाटायचं. बायको चारचौघांत सांगायची, हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि भिंतीकडेच जास्त बघत होते. त्यावर तो म्हणायचा, भिंत दोन बोटं बाहेर होती. आणि ती होतीच.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने घर बांधायला काढलं. जावई नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला. बोलायला गोड, पण डोक्यात नवनवीन खुळं. घराला वीज कमीत कमी लागली पाहिजे, थंडीत ऊब टिकली पाहिजे आणि उन्हाळ्यात गारवा, असं त्याने मनात घेतलं होतं. त्याने टेबलावर कागद पसरला आणि सासऱ्याला समजावून सांगू लागला. मोठ्या खिडक्या दक्षिणेला, म्हणजे थंडीतलं तिरपं ऊन घरात येईल. त्यांच्यावर पुढे आलेला सज्जा, म्हणजे उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन बाहेरच अडेल. उत्तरेला एकच बारकी खिडकी. काचा तिहेरी. चौकटीभोवतीच्या फटी चिकटपट्टीने बंद. आणि शिळी हवा बाहेर टाकताना तिची ऊब ताज्या हवेला देणारं एक यंत्र.

इथवर ओळंब्याने ऐकून घेतलं. पण भिंत बघितली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. भिंत एक नव्हतीच. दोन पातळ भिंती होत्या, एक आत, एक बाहेर, आणि मधे चार बोटं पोकळी. त्या पोकळीत म्हणे मेंढीची लोकर ठासून भरायची. दोन्ही भिंतींना एकमेकींशी धरून ठेवायला काय, तर बोटाएवढ्या जाडीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. जावयाने खिशातून एक काढून त्याच्या हातावर ठेवली. ओळंब्याने ती वाकवून पाहिली, हुंगून पाहिली, आणि जावयाच्या लहानपणी हाल झाले असतील काय, असा विचार करत परत दिली.

जावयाने एकच गोष्ट तीनतीनदा बजावली. पट्ट्या हव्या तेवढ्या घाला, पण एकही वीट ह्या भिंतीतून त्या भिंतीत आडवी जाता कामा नये. वीट आरपार गेली की तिच्यातून थंडी आत शिरते. ओळंबा हसला. विटेतून ओल आलेली त्याने पाहिली होती, मुंग्या आलेल्या पाहिल्या होत्या. थंडी विटेत शिरून घरात आलेली काही त्याने पाहिली नव्हती. पण लेकीकडे बघून त्याने मान डोलावली.

आणि लोकर कोण भरणार? तर व्याही. जावयाचे वडील जन्मभर गाद्या भरत आले होते. बायको गेल्यावर दुकान बंद करून मुलाकडे राहायला आलेले, शांत, जरा वाकलेले, बोटांना सुयांचे घट्टे. लोकर कुठे दाबायची आणि कुठे मोकळी सोडायची हे माझ्या बाबांइतकं कुणाला कळणार नाही, असं जावई म्हणाला. ओळंब्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे. गादीवाला! गादी भरताना गिऱ्हाईक समोर बसून राहतं ते काय उगाच? वरून फुगलेली, शिवलेली, आणि आत काय कोंबलंय ते शिवण उसवल्याशिवाय देवालाही दिसायचं नाही. विटेचं तसं नसतं. वीट उघड्यावर असते, ज्याला बघायची त्याने बघावी.

काम सुरू झालं. सकाळी ओळंबा चार हात भिंत वर न्यायचा, दुपारनंतर व्याही परांचीवर चढून वरून लोकर सोडायचे आणि लांब काठीने हलके हलके बसवायचे. ओळंबा तिथेच खाली बसून डोळ्यांत तेल घालून बघत राहायचा. व्याही मधेच म्हणायचे, "बघा हात घालून, भरलंय का नीट." ती त्यांची दुकानातली सवय. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तसं म्हणत आले होते. ओळंबा खरोखरच वर चढायचा, कोपरापर्यंत हात घालायचा आणि चाचपून बघायचा. तीन भिंती अशा झाल्या. लोकर नीट भरलेली निघाली, ह्याचंही त्याला जरा वाईटच वाटलं.

राहिली उत्तरेची. ती सगळ्यांत उंच, थेट छपराच्या टोकापर्यंत जाणारी. नेमका तेव्हाच जावई कचेरीच्या कामाने चार दिवस बाहेरगावी गेला. ओळंबा परांचीवर उभा राहून त्या दोन पातळ भिंतींकडे बघत राहिला. ह्या भिंतींच्या आत त्याची लेक संसार करणार होती. तिचा जीव प्लास्टिकच्या पट्ट्यांवर टांगून ठेवायला तो काय वेडा होता? पट्ट्या त्याने घातल्याच, दिलेला शब्द होता. पण त्यांच्या जोडीला दर सहाव्या थरात तीन विटा आडव्या टाकल्या, ह्या भिंतीतून निघून त्या भिंतीत घट्ट बसणाऱ्या. अशा सहा ओळी, खालच्या ओळीतल्या दोन विटांच्या मधोमध वरच्या ओळीतली वीट. एकूण अठरा. कुणाला सांगितलं नाही. ते चार दिवस दुपारी तो व्याह्यांवर पहारा करायलाही थांबला नाही, कारण आपणच काहीतरी लपवलेलं असताना दुसऱ्यावर नजर ठेवणं जमत नाही. पण त्या चारही दिवशी घरी जाऊन तो गाढ झोपला.

घर झालं. गिलावा झाला, रंग झाला, माणसं राहायला गेली. थंडी पडल्यावर लेकीने आईबापांना चार दिवस राहायला बोलावलं. बाहेर तोंडातून वाफ निघत होती, आणि आत शिरताच ओळंब्याला स्वेटर काढावा लागला. त्याचा विश्वास बसेना. सगळ्या घरात मिळून एकच हीटर, तोही चपलांच्या खोक्याएवढा, आणि तो बंद. कुठेतरी पाणी मुरतंय, असं बायकोच्या कानात पुटपुटून तो तपासाला निघाला. पलंगाखाली वाकला, पडद्यामागे डोकावला, जमिनीला तळवा लावून बघितला. लपवलेली शेगडी काही सापडली नाही. बायको म्हणाली, लेक सुखात आहे एवढं कबूल करायला तुम्हाला एवढा त्रास का होतो?

मग तो व्याह्यांच्या खोलीत गेला. खोली उत्तरेची. दारातच त्याच्या नाकाला कळलं. ओलसर, कोंदट वास, बंद पेटीतल्या कपड्यांसारखा. आणि कपाटाची जागा चुकली होती. कपाट दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवायचं म्हणून तो कोपरा त्याने स्वतः मोजून दिला होता. ते आता उत्तरेच्या भिंतीला, अगदी मधोमध, खिडकीचा थोडा उजेड अडवून उभं होतं. शहाणा माणूस कपाट असं ठेवत नाही. ओळंब्याने त्याच्यामागे हात घातला. बोटं ओली झाली. मान तिरकी करून बघितलं तर गिलाव्यावर काळे डाग, बुरशी धरलेले.

मागे खोकल्याचा आवाज आला. व्याही दारात उभे होते. ओळंब्याने सहज विचारावं तसं विचारलं, कपाट इकडे का हलवलं? व्याही म्हणाले, "इथेच बरं दिसतं." आणि हे म्हणताना त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

ओळंब्याला आणखी काय हवं होतं? ज्या भिंतीवर आपण पहारा केला नाही, नेमकी तीच भिंत ओली. ज्याने ती भरली, त्यानेच डागांपुढे कपाट सरकवलं. आणि लेकीच्या पलंगावरची ती नवी गादी! मघाशी तपास करताना त्याने दाबून पाहिली होती, आत लोकर होती, मऊसूत. भिंतीतली लोकर गादीत गेली, आणि गादीवाला आता खोकत बसलाय. त्याला सगळं एका ओळीत दिसलं आणि मनातून बरं वाटलं, हे कबूल केलंच पाहिजे. घर बांधायला काढल्यापासून तो ह्या क्षणाची वाट बघत होता.

त्याने लेकीला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगून टाकलं. लेकीचा चेहरा उतरला. गादीची लोकर जास्तीची होती, दोन पोती उरली होती, मीच मामंजींना गादी करा म्हटलं, असं ती म्हणाली. उरली कशी, असं ओळंब्याने विचारलं. मापाने मागवलेली लोकर दोन पोती उरते, ह्याचा अर्थ ती कुठेतरी भरायची राहिली. ती हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, ते मला लेकीसारखं वागवतात. तुम्ही एकदा बोललात की मला ह्या घरात ते न बोलल्यासारखं करता यायचं नाही."

पण जावई दारात उभा होता आणि त्याने ऐकलं होतं. तो सरळ बापाकडे गेला. कपाट हलवलं, डाग बघितले, आणि विचारलं. सगळे त्या खोलीत जमले होते. व्याही पलंगाच्या कडेवर बसले होते, हात मांडीवर. ते म्हणाले, "राहिलं असेल माझ्या हातून. हात कापतो हल्ली."

जावयाचं तोंड एवढंसं झालं. तो बापाकडे न बघताच खोलीबाहेर गेला. त्या दिवशी जेवताना भांड्यांचाच काय तो आवाज. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी सांगितलं की भिंत फोडावी लागेल तर खोली मोकळी हवी, मी काही दिवस बहिणीकडे जातो. काही दिवस म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. लेक न्हाणीघरात जाऊन रडून आली. बायको ओळंब्याशी बोलेना. त्याने स्वतःला बजावलं की मी खोटं काय बोललो? माणसाने कबूल केलंय. तरी ते कबूल करणंच त्याला खटकत राहिलं, कारण चाळीस वर्षांत त्याने कितीतरी कारागिरांना चोरी करताना पकडलं होतं, आणि त्यातला एकही इतक्या सहज कबूल झाला नव्हता.

भिंत कुठे आणि किती फोडायची ते कळावं म्हणून जावयाने घर तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या सकाळीच आल्या, बाहेर गारठा असतानाच. आधी त्यांनी मुख्य दारात कापडाचा पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला. पंखा घरातली हवा बाहेर खेचू लागला, आणि त्या हातात धुराची कांडी घेऊन खिडकीखिडकीपाशी फिरल्या. फट असेल तर बाहेरची हवा आत घुसते आणि धूर हलतो. धूर कुठेच फारसा हलला नाही. चौकटी झकास बसल्यात, असं त्या म्हणाल्या. ओळंब्याला आत्तापर्यंत जावयाच्या चिकटपट्टीचाही संशय होता, तो त्याने मुकाट्याने गिळला.

मग त्यांनी पिशवीतून एक कॅमेरा काढला. ऊब असेल तिथे पिवळं-केशरी दिसतं, थंड असेल तिथे निळं, असं त्यांनी समजावलं. उत्तरेच्या खोलीत सगळे त्यांच्या मागे उभे राहिले. व्याह्यांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती, वर घडी घातलेली शाल. बाईंनी कॅमेरा भिंतीवर रोखला.

भिंत केशरी होती. वरपासून खालपर्यंत एकसारखी केशरी, आणि तिच्यावर निळे ठिपके. बाई म्हणाल्या, भरायचं काही राहिलेलं नाही, इतकी सारखी भरलेली भिंत मी क्वचितच पाहिली. लोकर खाली बसली असती तर वर एक पट्टाच्या पट्टा निळा दिसला असता. हे दुसरं काहीतरी आहे. काहीतरी आतून बाहेर आरपार गेलंय, त्यातून थंडी येतेय आणि त्या गार जागी घरातल्या हवेतलं पाणी सुटून भिंत ओली होतेय. नकाशात तर तसं काही नाही, असं जावई म्हणाला. बांधताना पोकळीत चुन्या-सिमेंटचे गोळे पडले असतील का, असं बाईंनी विचारलं. असतीलही, असं जावई म्हणाला, आणि दोघं कागदात डोकं घालून बसली.

ओळंबा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होता. तळाला तीन ठिपके. मग सहाव्या थरावर तीन, खालच्यांच्या मधोमध. मग पुन्हा तीन. त्याला मोजायची गरज नव्हती, तरी त्याने मोजले. अठरा. माणसाला स्वतःचं अक्षर ओळखू यावं तसं त्याने ते ओळखलं. त्या खोलीत त्या ठिपक्यांचा अर्थ कळणारा माणूस तो एकटाच होता. तो गप्प राहिला असता तर सिमेंटच्या गोळ्यांवर सगळं निभावलं असतं.

तेवढ्यात बाईंनी व्याह्यांना विचारलं, "तुम्हीच भरलंत ना? काठीने बसवताना मधे काही आडवं लागलं का?"

"नाही आठवत," व्याही म्हणाले.

ओळंब्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. व्याही त्याच्याकडेच बघत होते, आणि आज त्यांनी नजर खाली घातली नाही. तेव्हा ओळंब्याला कळलं. चार बोटं रुंदीची पोकळी, त्यात वरून सोडलेली काठी, आणि बोटांच्या टोकाने गादीतली गाठ ओळखणारा माणूस. पहिल्याच दुपारी काठी विटेवर टक्‌ करून थांबली असणार. अठरा वेळा थांबली असणार. प्रत्येक विटेच्या वरून, खालून, बाजूंनी ह्या माणसाने लोकर सारून सारून बसवली होती, म्हणून तर भिंत कुठे रिकामी नव्हती; आणि ठासून भरायच्या हिशेबाने आणलेली लोकर त्याने हवी तेवढीच दाबली, म्हणून दोन पोती उरली. आणि डाग उमटल्यावर त्याने त्यांच्यापुढे कपाट ओढलं ते स्वतःला वाचवायला नव्हे.

लेक ओळंब्याच्या शेजारी उभी होती. तिच्यासमोर त्याची एकही भिंत आजवर वाकडी निघाली नव्हती.

"विटा आहेत त्या," तो म्हणाला. "मी घातल्यात. अठरा."

जावयाने कागदावरून मान वर केली. ओळंब्याने मग सगळं सांगितलं, तू बाहेरगावी होतास तेव्हा घातल्या, मला त्या पट्ट्यांचा भरवसा नव्हता, भिंत पडेल असं वाटलं. सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटी तो व्याह्यांसमोर जाऊन उभा राहिला. "तुम्हाला ठाऊक होतं. मी तुम्हाला चोर ठरवलं, तरी बोलला नाहीत."

व्याही शालीची घडी सारखी करत होते. ते म्हणाले, "तुमच्या लेकीला वाटतं, आप्पांनी बांधलेल्या घरात कशाची भीती नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. ते मी माझ्या तोंडाने कसं मोडू? मी काय, कुठेही राहीन."

लेकीने पुढे होऊन ती बॅग उचलली, पलंगावर उपडी केली आणि कपडे कपाटात लावायला घेतले. बापाकडे तिने पाहिलं नाही. ते त्याला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

पट्ट्या पुरेशा आहेत, भिंतीला त्या विटांची गरज नव्हतीच, असं बाईंनी जाताना सांगितलं. आतून एकेक वीट कापून काढायची, पोकळी भरायची, बंद करायचं. त्याच दुपारी ओळंबा छिन्नी-हातोडा घेऊन बसला. बाहेरच्या भिंतीला धक्का लागणार नाही अशा बेताने तळाच्या ओळीतली पहिली वीट त्याने तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढली. घाम आला तरी कुणाला हात लावू दिला नाही. जमिनीवर लेकीची ती नवी गादी उसवून पडली होती, आणि तिच्याजवळ व्याही लोकर मोकळी करत बसले होते.

भोक तयार झालं तसे ते पुढे सरकले. मूठमूठ लोकर घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यात बसवली, जास्त दाबली नाही, मोकळीही सोडली नाही. मग हात पुसून बाजूला झाले आणि सवयीने म्हणाले, "बघा हात घालून, भरलंय का नीट."

ओळंब्याचा हात अर्ध्यावर गेला. त्याने तो मागे घेतला, थापी उचलली आणि भोक बंद करायला घेतलं.